वकीलवाले काका

वकीलवाले काका स्वतः वकील नाहीत. त्यांच्या घराण्यात कुणी वकील झाला नाही आणि घटस्फोट तर कुणाचाच झाला नाही. बायकोशी त्यांचं पटतं असं नाही, पण न पटणं हे काही कारण असतं असं त्यांच्या घरी कुणी मानत नाही. डंगनियाच्या वीज मंडळाच्या कचेरीत, लेखा विभागात, त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्त झाले आणि रायपूरच्या मराठी मंडळींत ज्याचा संसार मोडायला आला त्याला वकील बघून द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं. तात्यापाऱ्यातले हिंदी शेजारी त्यांना 'वकीलवाले अंकल' म्हणू लागले. ते नाव चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात पोचलं आणि तिथे मराठी होऊन कायमचं चिकटलं.

असे काका भोपाळला असतात, इंदूरला असतात, भिलाईच्या सेक्टरांत तर एकाच रस्त्यावर दोन सापडतात. मुलखाबाहेर राहणाऱ्या समाजाला हळदीकुंकवाचं वाण, दहाव्याचे गुरुजी आणि भरवशाचा वकील कुठे मिळतो हे ठाऊक असलेला एक माणूस लागतोच. शिवाय रायपूरचे मराठी लोक इथे कालपरवा आलेले नाहीत. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत फौज घेऊन छत्तीसगडात उतरला, पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात बसून कारभार केला, आणि त्यामागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक येत राहिले. काकांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पूर्वज हिशेबनीस होते. "तलवारवाले बुडले, हिशेबवाले टिकले," असं ते वही उघडता उघडता सांगतात.

वहीबद्दल पुढे सांगतो. आधी हे काम त्यांच्याकडे आलं कसं ते. निवृत्तीनंतर पहिली काही वर्षं काका लग्नं जमवत. वधूवर मेळाव्यात टेबल मांडून फॉर्म भरून घेणारे, फोटो उलटा चिकटवला म्हणून मुलाच्या आईला झापणारे, ते हेच. मग त्यांनी जमवलेल्यांतलं एक लग्न फिसकटलं. मुलीचे वडील भांडायला दारात येऊन उभे राहिले. काका म्हणाले, "भांडू ना बाप्पा, भांडू. पण आधी वकील तर पाहू!" ते जे निघाले ते आजतागायत वकीलच पाहून राहिले आहेत. काम बदललं, पद्धत बदलली नाही. काकांच्या लेखी वकील हे स्थळ आहे.

म्हणजे नुसता पत्ता मिळाला, फोन केला, गेलो, असं चालत नाही. आधी बाहेरून चौकशी. मूळचे कुठले? वडील काय करत होते? चेंबर स्वतःचं की सीनियरच्या टेबलाचा कोपरा? ज्युनियर किती, आणि ते टिकतात का? स्वभाव? घटस्फोटाच्या वकिलाचा स्वभाव कशाला पाहायचा, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "पक्षकार दोन वर्षं बायकोपेक्षा जास्त याच्याशी बोलणार आहे." मग मुन्शी. वकील कसाही असो, मुन्शी चांगला पाहिजे, यावर काका ठाम आहेत. पेशी कधीची, फाइल कुठल्या बाबूच्या टेबलावर अडकली, साहेब आज सुट्टीवर आहेत का, हे वकिलाला संध्याकाळी कळतं आणि मुन्शीला सकाळी. मुलगी देताना नवऱ्याआधी सासू पाहतात, तसा मुन्शी पाहावा म्हणतात.

शेवटचा प्रश्न बिलासपूरचा. "बिलासपूरला कुणी आहे का?" हा प्रश्न काका इतक्या सहज टाकतात की वकिलाला वाटतं पाहुण्यारावळ्यांची चौकशी चालली आहे. कुटुंब न्यायालयाच्या निकालावरचं अपील थेट उच्च न्यायालयात जातं, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं तेव्हापासून ते न्यायालय बिलासपुरात आहे. सकाळच्या गाडीने जावं, रात्री परत यावं. त्याआधी जबलपूर गाठावं लागे. काकांचं म्हणणं असं की जबलपूर राहिलं असतं तर निम्मी जोडपी कंटाळून एकत्र राहिली असती.

काकांची एवढी गरज का पडावी? आता फोनवर बोट फिरवलं की वकिलांची रांग उभी राहते. पण बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाने काम मागत फिरायचं नाही, जाहिरात द्यायची नाही. दाराची पाटी वाजवी आकाराची हवी आणि तिच्यावर 'अमुक खटल्यांतले तज्ज्ञ' असं लिहायचं नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा मिळाली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन वकील पुरवणाऱ्या कंपन्यांवर कारवाई करा असं बार कौन्सिलला बजावलं, त्या दिवशी काकांनी मंडळात सगळ्यांना स्वखर्चाने चहा पाजला. तेव्हा कचहरी चौकात उभं राहून पाट्या वाचल्या तर सगळे नुसते अधिवक्ता. त्यांतला कोण जमिनीचा, कोण अपघाताचा, कोण चेक बाउन्सचा आणि कोण नवरा-बायकोचा, हे पाटी सांगत नाही. काका सांगतात.

मात्र २०२३ साली काकांना एक जबर धक्का बसला. वकिलांच्या कायद्यात नवं कलम आलं. पैसे घेऊन वकिलाला पक्षकार आणून देणारा तो दलाल. अशांची यादी जिल्हा न्यायाधीश लावू शकतात आणि यादीत नाव असताना कुणी तेच काम केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काकांनी ते तीनदा वाचलं. पैसे त्यांनी कधीच घेतले नव्हते, पण पोहे-जलेबी? ती मोबदल्यात मोजली तर? तेव्हापासून काका कुठल्याही वकिलाच्या चेंबरमध्ये पाणीसुद्धा पीत नाहीत. बाटली घरून नेतात. एका वकिलाने आग्रहाने समोसा पुढे केला तेव्हा काकांनी दोन्ही हात वर केले आणि बाहेर बसलेल्या अनोळखी माणसाला मोठ्याने म्हणाले, "देखा आपने, मैंने नहीं लिया!"

आता वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट, वीज मंडळातून निवृत्तीच्या दिवशी 'चुकून' घरी आलेली. प्रत्येक वकिलाला एक पान. वकिलाच्या फीबद्दल काकांचा जो सिद्धांत आहे तो मी अजून कुठल्या विधिज्ञाच्या तोंडून ऐकलेला नाही. सगळी फी एकदम दिली तर वकील तारखेला येत नाही. तारखेगणिक दिली तर तारखाच संपत नाहीत. म्हणून काका टप्पे पाडतात. वकालतनाम्यावर सही झाली की इतके, अर्ज दाखल झाला की इतके, मग जबाब, मग साक्ष, मग निकाल. टाइपिंग, नोटरी, मुन्शी यांचा रकाना वेगळा, आणि त्या रकान्यात काका स्वतः पेन्सिलने लिहितात, कारण ते आकडे बदलतात. पावतीचा आग्रह धरतात. पावती मागितली की बरेच वकील आपल्या चारित्र्यावर शिंतोडा उडाल्यासारखे बघतात. म्हणून काका आता पक्षकाराला फोनवरून पैसे पाठवायला लावतात आणि शेऱ्याच्या जागी काय लिहायचं ते शेजारी उभं राहून सांगतात.

तत्त्वाचा माणूस. पण एक दुखरी जागा आहे. 'सूट' हा शब्द ऐकला की काकांचं तत्त्व विरघळतं. हे रायपूरच्या वकिलांना हळूहळू कळलेलं आहे.

घासाघीस मात्र पाहण्यासारखी. एका जुन्या वकिलाकडे मी त्यांच्यासोबत गेलो होतो. वकीलसाहेबांनी आकडा सांगितला. काकांनी वही मिटली, चष्मा काढला, आणि म्हणाले की १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे इथे वकील उभा करण्याचा कुणाला हक्कच नाही, न्यायालयाने परवानगी दिली तर गोष्ट वेगळी, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने साहेब, आपली गरजच नाही. तेव्हा गरज नसलेल्या वस्तूचा भाव एवढा कसा? कलम खरं आहे. नवरा-बायकोंनी न्यायाधीशांसमोर आपापलं सांगावं आणि समेट व्हावा या हेतूने केलेलं आहे. व्यवहारात परवानगीचा अर्ज जातो, परवानगी मिळते, आणि वकिलांची गर्दी इतर कोर्टांइतकीच असते. वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो अंकल, आप ही खड़े हो जाइए." काकांनी वही उघडली. पाच हजारांनी कमी झालं.

दुसरा डाव पक्षकारांकडून येतो आणि तो काका स्वतःच हाणून पाडतात. "जिंकल्यावर पैसे देऊ" किंवा "पोटगी मिळाली तर त्यातला हिस्सा देऊ" असं कुणी म्हणालं की ते कान पकडतात. निकालावर फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. शिवाय काका विचारतात की घटस्फोटात जिंकलं कोण हे ठरवायचं कुणी, मुन्शीने?

व्हॉट्सअॅपवरून कायदा शिकून आलेल्यांचा त्यांना फार राग. "काका, आता सहा महिने थांबायला नको, सुप्रीम कोर्टाने सांगितलं." मग काका त्याला बसवतात. परस्पर संमतीच्या अर्जात पहिल्या प्रस्तावानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ च्या अमरदीप सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हे बंधन सैल करता येतं, पण दोघं पुरेसा काळ वेगळी राहिली असतील, पोटगी-मुलांचं सगळं मिटलं असेल आणि समेटाची आशा उरली नसेल तर. आणि २०२३ चा जो निकाल हा भाऊ फोनवर दाखवतो, तो सुप्रीम कोर्टाने स्वतःच्या खास अधिकारात काय करता येईल याबद्दलचा आहे. "तो अधिकार दिल्लीत आहे. तू कलेक्टोरेटजवळ उभा आहेस."

इतिहासही त्यांना येतो, आणि तो ते अभिमानाने सांगतात. हिंदूंना घटस्फोटाचा कायदा बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ सालीच दिला, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला, साऱ्या देशाला १९५५ पर्यंत थांबावं लागलं. परस्पर संमतीची सोय तर १९७६ ची. तोवर दोघांपैकी एकाला कागदोपत्री दुष्ट ठरवल्याखेरीज सुटका नव्हती. काकांना तो काळ वकिलांचा सुवर्णकाळ वाटतो. एकाची दुष्टता सिद्ध करायची आणि दुसऱ्याने ती खोडायची, किती काम!

लग्न जमवण्याच्या काळातलं एक रजिस्टर काकांनी जपून ठेवलेलं आहे, आणि त्याचा उपयोग अलीकडे फार होतो. रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलं की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं शपथपत्र द्यायचं. काका ते शपथपत्र घेतात आणि त्याच मुलाचा वधूवर मेळाव्यातला फॉर्म शेजारी ठेवतात. फॉर्मवर पगार गलेलठ्ठ, शंकरनगरात स्वतःचा फ्लॅट, गावाकडे शेती. शपथपत्रावर तोच पगार वाळलेला, फ्लॅट वडिलांच्या नावावर, शेती चुलत्याने बळकावलेली. मुलींचंही उलटसुलट असंच. फॉर्मवर 'नोकरी करते, पुढेही करण्याची इच्छा' आणि शपथपत्रावर 'मिळकतीचं साधन नाही'. काका कुणालाच रागावत नाहीत. लेखापरीक्षकाच्या निर्विकार नजरेने दोन्ही कागदांवर बरोबरच्या खुणा करतात. "दोन्ही खरे असतात," म्हणतात. "वर्ष वेगळं असते."

गेल्या वर्षी त्यांच्याकडे जे प्रकरण आलं ते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड होतं, कारण त्यात भांडण नव्हतं. मुलगा सिव्हिल लाइन्समधला, मुलगी टाटीबंधची. लग्नाला चार वर्षं, मूल नाही, वर्षभरापासून वेगळी राहिलेली. आधी मुलाची आई काकांकडे आली. त्याच संध्याकाळी मुलीची आई आली. दोघींनी एकच वाक्य म्हटलं: "आमच्याकरता चांगला वकील पहा, त्यांना सांगू नका." काकांनी दोघींना हो म्हटलं.

संमतीचा अर्ज दोघांचा एकच असतो, एका वकिलात भागतं आणि खर्च अर्धा होतो, हे काकांनी दोन्ही घरी समजावलं. दोन्ही घरं म्हणाली, चालेल, पण वकील आमचा. मग दोन वकील आले. आणि काकांना एकदम जुना हुरूप आला. नवरा-बायकोचं पटत नाही ते राहू द्या, पण दोन वकिलांचं पटलं पाहिजे! नाहीतर साध्या अर्जावर दोन वर्षं निघतील. त्यांनी दोघांची माहिती गोळा केली. एक सकाळच्या पाळीतला, दुसरा दुपारशिवाय न उगवणारा: जमणार नाही. एकाचा सीनियर आणि दुसऱ्याचा सीनियर बारच्या निवडणुकीत समोरासमोर: हा तर सरळ मंगळ. शेवटी एक जोडी निघाली. एकाच वर्गात शिकलेले, एकाच टपरीवर चहा पिणारे, एकमेकांना नावाने हाका मारणारे. काकांनी दोघांना टपरीवर समोरासमोर बसवलं, स्वतः बाटलीतलं पाणी प्यायले, आणि दोघांचं बोलणं रंगल्यावर जरा लांब जाऊन उभे राहिले. टपरीवाल्याने छत्तीसगढीत धीर दिला, "सब बने हो जाही, कका."

मुलीने मध्येच खोडा घातला. ती नवा रायपूरला नोकरी करते, वाचते फार. म्हणाली, "काका, बाईला म्हणे सरकारकडून वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो." मिळतो. १९८७ चा कायदा तसं म्हणतो, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, नाहीतर १५१०० ला फोन लावायचा. काकांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी कुणाला आपण होऊन सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मुलगा हुंडा घेत नाही म्हटलं की पूर्वी लोक हळूच विचारत, काही दोष आहे का, तोच भाव त्यांच्या तोंडावर आला. तरी ते तिच्यासोबत गेले. तिथे पॅनेलवरच्या वकिलांची यादी होती. काका बोट लावून वाचत गेले आणि तिसऱ्या नावाशी थांबले. ज्याच्याशी त्यांनी दोन तास घासाघीस करून आकडा खाली आणला होता तो सकाळच्या पाळीतला वकील. इथे तो फुकट. बाहेर पडल्यावर त्यांनी वहीत त्याच्या पानावर काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

मुलीच्या आईने मात्र ऐकलं नाही. फुकटचा वकील केला तर व्याही काय म्हणतील! ज्या व्याह्यांशी नातं तोडायचं होतं त्यांच्यापुढे नाक वर ठेवायला पैसे देऊन वकील केला गेला.

पहिला प्रस्ताव झाला. सहा महिन्यांचा काळ सुरू झाला. दिवाळी तोंडावर आली होती, आणि इथे घात झाला. दोन्ही वकिलांनी मिळून सांगितलं की राहिलेली सगळी फी आत्ता एकरकमी दिली तर दुसऱ्या प्रस्तावापर्यंतचं सगळं धरून भरपूर सूट. काकांनी रात्रभर विचार केला. सकाळी दोन्ही घरी जाऊन पैसे भरायला लावले. वहीतले टप्पे एका तिरक्या रेघेने खोडले.

त्यानंतर मुलगा-मुलगी एकमेकांना फोन करू लागली. आधी तारखेबद्दल, मग आकड्यांबद्दल. तुझ्या वकिलाने नोटरीचे किती लावले? माझ्याने दुप्पट! मुन्शीला तू दिलेस? मीपण! लग्नाच्या चार वर्षांत दोघांचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं. मग ती तेलीबांध्याच्या मरीन ड्राइव्हवर गुपचुप खाताना दिसली. काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी दुर्लक्ष केलं. हिशेबाला बसली असतील, म्हणाले.

फेब्रुवारीत दोघं काकांच्या घरी आली, एकाच स्कूटरवरून. काकूंनी दार उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि आत जाऊन कुणाला न विचारता पोहे टाकले. मुलगी म्हणाली, "काका, आम्ही दुसऱ्या प्रस्तावाला जाणार नाही. अर्ज मागे घेतो. घेता येतो ना?" येतो, निकाल होईपर्यंत संमती मागे घेता येते, काकांनी यांत्रिकपणे सांगितलं. मुलगा म्हणाला, त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही, आधी काकांकडे आलो.

काकांनी वही आणली. पान काढलं, तिरक्या रेघेवर बोट ठेवलं. बराच वेळ बेरीज करत बसले. काकू पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या, ठेवल्या, आणि पदराला हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या.

"दोघांचे मिळून सगळे पैसे गेलेले आहेत," काका म्हणाले. "सुटीतले पैसे परत येत नाहीत."

"जाऊ द्या हो," मुलगी म्हणाली.

"जाऊ द्या कसं? पेशीची फी भरून राहिली आहे." काकांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की काकूंनी 'आता हे काय काढताहेत' म्हणून मान वळवली. "पहा. असं करा. एवढी पेशी होऊन जाऊ द्या. सुटा एकदाचे. घटस्फोट झालेल्यांना पुन्हा लग्न करता येते, आणि एकमेकांशीच करू नये असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. मंडळाच्या हॉलचं भाडं मी कमी करून घेतो."